इंटरनॅशनल स्टडीजची पदवी : चालू ठेवावी का, आणि ठेवली तर अभ्यास कसा करावा

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू नाशिक जिल्ह्यातला, घरी कांदा आणि थोडी द्राक्षबाग. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुण्यात इंटरनॅशनल स्टडीजच्या चार वर्षांच्या बीएला प्रवेश घेतलास आणि आता पहिलं वर्ष संपत आलंय. थिअरीचा पेपर डोक्यावरून जातो, वाचायला दिलेलं निम्मंही होत नाही, रोज वर्तमानपत्र वाचूनही मार्क यथातथाच. घरचे विचारतात, याचं पुढे काय? मामा म्हणतात, सोड, साधं राज्यशास्त्र घेऊन बीए कर आणि यूपीएससीला लाग. तुला विचारायचंय, चालू ठेवू की सोडू?

मी पुण्यात हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे. त्याआधी शेतमाल निर्यातदारांसाठी परदेशी नियमांवर टिपणं लिहिण्याचं काम केलं. वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते.

पदवी बदलून तुझी अडचण सुटेल असं मला वाटत नाही. राज्यशास्त्राच्या बीएलाही आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर असतो, तिथेही हेच सिद्धांत येतात आणि वाचायला तितकंच लागतं. तुझ्या प्रश्नातली खरी अडचण मला वेगळी दिसते. हा अभ्यासक्रम इतिहास, राजकारण, अर्थशास्त्र, कायदा, भाषा असं सगळं थोडं थोडं देतो, आणि तू ते सगळं सारख्याच जोराने धरायला बघतो आहेस. द्राक्षाच्या घडाची विरळणी केल्याशिवाय मणी फुगत नाहीत हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. इथेही तेच करावं लागतं. जगाचा एक तुकडा, तिथली एक भाषा आणि हाताशी एक पक्कं कौशल्य एवढं दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ठरवलं, तर बाकीचे पेपर त्याभोवती बसतात. ठरवलं नाही, तर चार वर्षांनी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर पाच मिनिटं बोलता येतं आणि सहाव्या मिनिटाला काहीच उरत नाही.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुझी फी किती, कर्ज काढलंय का, कॉलेजात प्रबंध नीट करून घेणारे शिक्षक आहेत का, हे मला माहीत नाही. पदवी मिळताच पगार सुरू होणं घरासाठी आवश्यक असेल, तर पुढचं सगळं वेगळ्या नजरेने वाच, कारण या पदवीला नोकरीसाठी बहुतेक वेळा पुढचं शिक्षण किंवा भाषेची जोड लागते. आणि तुला मुळात हा विषय आवडतो की त्यातली परदेशाची झाक आवडते, हे तुझं तुलाच तपासावं लागेल. माझी तपासणी साधी आहे. एखाद्या दोन देशांमधल्या कराराचा मूळ मजकूर हातात आला, तर तो कंटाळवाणा असूनही शेवटपर्यंत वाचावासा वाटतो का? वाटत असेल, तर थांब.

आता थिअरी. पहिल्या वर्षाच्या मुलांना वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद म्हणजे तीन पंथ वाटतात आणि ते प्रत्येकाची वैशिष्ट्यं पाठ करतात. तसं केलं की विषय मरतो. प्रत्येक सिद्धांत त्या काळाला छळणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून आला. आंतरराष्ट्रीय राजकारणाचं जगातलं पहिलं अध्यासन वेल्समधल्या अॅबरिस्टविथला १९१९ साली सुरू झालं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि लोकांना एकच गोष्ट हवी होती : हे पुन्हा होऊ नये. म्हणून सुरुवातीचा सगळा भर राष्ट्रसंघावर (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना), कायद्यावर, लोकमतावर. मग १९३१मध्ये जपान मांचुरियात घुसला, १९३५मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला आणि राष्ट्रसंघाला काही करता आलं नाही. तेव्हा काही अभ्यासकांनी म्हटलं, सत्तेकडे बघा, राज्यांच्या वर कुणी फौजदार नाही हे आधी मान्य करा. वास्तववादाची धार त्या निराशेतून आली. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेल रोखलं, किमती काही महिन्यांत साधारण चौपट झाल्या आणि लष्करीदृष्ट्या बलाढ्य देशांतही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सत्ता फक्त तोफांची नसते, परस्परावलंबनातही असते, हा उदारमतवादी विचार त्यानंतर पुढे आला. १९९१ला सोव्हिएत संघ मोठं युद्ध न होता विसर्जित झाला आणि शस्त्रं मोजत बसलेल्यांना ते आधी दिसलं नव्हतं. मग कल्पना, ओळख, 'आपण कोण' याची समज यांना महत्त्व देणारे रचनावादी ऐकले जाऊ लागले. असा क्रम लावून वाच. प्रत्येक विचारवंताला विचार : तुमच्या डोळ्यांसमोर कोणतं संकट होतं?

दुसरं, सिद्धांत नेहमी एका प्रकरणावर चालवून बघ. तुझ्या घरातलंच घेऊ. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. त्या सप्टेंबरात किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं, आणि १ एप्रिल २०२५पासून तेही गेलं. लासलगावच्या बाजार समितीत या प्रत्येक तारखेचा भावावर काय परिणाम झाला, ते तुझे वडील तुला पाठ सांगतील. आता त्यावर अभ्यासक म्हणून बस.

अमेरिकी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९५९मध्ये युद्धाची कारणं शोधण्यासाठी तीन पातळ्या मांडल्या : व्यक्ती, राज्य आणि राज्यांची मिळून झालेली व्यवस्था. कांद्याला त्या लाव. व्यक्तीच्या पातळीवर फारसं काही सापडणार नाही. निर्णय कुणा एका नेत्याच्या स्वभावातून आलेला नाही. राज्याच्या आतल्या पातळीवर मात्र खूप सापडेल. शहरातला ग्राहक आणि गावातला उत्पादक यांचं हित उलट, २०२४च्या लोकसभा निवडणुका तोंडावर, ग्राहक व्यवहार खात्याला भाव खाली हवे, वाणिज्य खात्याला निर्यात हवी, परराष्ट्र खात्याला शेजारी नाराज नको. व्यवस्थेच्या पातळीवर जागतिक व्यापाराचे नियम येतात. गॅट कराराचं अकरावं कलम निर्यातीवर बंदी घालायला सर्वसाधारणपणे मनाई करतं, पण अन्नपदार्थांचा गंभीर तुटवडा टाळण्यासाठी तात्पुरत्या बंदीला मुभा देतं. तुटवडा 'गंभीर' होता का, बंदी 'तात्पुरती' होती का, यावर कायद्याचा एक चांगला निबंध होईल.

आता सिद्धांत लाव. बंदीच्या काळातही सरकारने काही देशांना ठरावीक कांदा दिला. एप्रिल २०२४मध्ये बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची परवानगी जाहीर झाली. वास्तववादी म्हणेल, बघा, कांदा हे दबावाचं साधन आहे. उदारमतवादी म्हणेल, दोन्ही बाजूंचं नुकसान झालं, आणि एकदा भरवसा गेला की गिऱ्हाईक दुसरा पुरवठादार शोधतं. रचनावादी विचारेल, हेच सहा देश का? 'आपले' कोण हे कसं ठरतं? या ठिकाणी माझे विद्यार्थी तिन्ही बाजू मांडून थांबतात आणि 'सर्व सिद्धांतांना मर्यादा आहेत' असं लिहून पेपर संपवतात. तसं थांबू नकोस. विचार : कांदा दबावासाठी रोखला असेल, तर त्या बदल्यात भारताने बांगलादेशाकडे काय मागितलं? काहीच मागितल्याचं दिसत नाही. म्हणजे बंदीचा रोख बाहेर कुणावर नव्हताच. ती देशातल्या भावासाठी होती आणि परराष्ट्र संबंधांना बसलेला धक्का हा वाटेत झालेला परिणाम होता. सप्टेंबर २०१९च्या बंदीनंतर ऑक्टोबरात दिल्लीत आलेल्या शेख हसीना यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं, की आधी थोडं कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी तर स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय. सभागृह हसलं, पण त्या वाक्यात एका शेजारी देशाच्या पंतप्रधानांची तक्रार होती. एवढं तू पुराव्यानिशी लिहिलंस, तर थिअरीचा पेपर तुला अवघड जाणार नाही.

वर्तमानपत्र रोज वाचूनही मार्क का येत नाहीत, याचं उत्तरही यातच आहे. बातमी घटना सांगते. परीक्षक तुलना मागतो. हे आत्ताच का झालं, इथेच का झालं, आणि दुसरं काय होऊ शकलं असतं, या तीन प्रश्नांशिवाय बातमी अभ्यास होत नाही. टीव्हीवरच्या चर्चा आणि 'भू-राजकारण' सांगणारे व्हिडिओ यांच्याबद्दल माझं मत कडक आहे : पहिली दोन वर्षं बंद ठेव. त्यांत प्रत्येक देशाला एकच मन आणि एकच डाव असतो, आणि ती सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो. तो वेळ मूळ कागदपत्रांना दे. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करार, संयुक्त निवेदनं, संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं, वार्षिक अहवाल सगळं फुकट आहे. संयुक्त राष्ट्रांची सनद दोन बैठकींत वाचून होते, तरी पदवी घेतलेली किती मुलं ती पूर्ण न वाचताच बाहेर पडतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मूळ कागद कसे वाचायचे, त्याचं एक उदाहरण देते. जी-२०ची बालीतली नोव्हेंबर २०२२ची घोषणा आणि दिल्लीतली सप्टेंबर २०२३ची घोषणा शेजारी ठेव. बालीत युक्रेनवरचे परिच्छेद बघ : बहुतेक सदस्यांनी युद्धाचा तीव्र निषेध केला असं म्हटलंय आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावाच्या आधारे रशियाच्या आक्रमणाचा उल्लेख आहे. दिल्लीत रशियाचा तसा उल्लेख गेला. त्याऐवजी बळाच्या जोरावर कुणी भूप्रदेश मिळवू नये असं सर्वसाधारण तत्त्व आलं. दहा महिन्यांत कुणी काय सोडलं आणि त्या बदल्यात काय मिळवलं? एकमताची घोषणा व्हावी ही यजमान भारताची गरज होती, आणि आफ्रिकी संघाला त्याच परिषदेत कायमचं सदस्यत्व मिळालं. पेन्सिल घेऊन दोन्ही मजकुरांतले फरक अधोरेखित करायला एक दुपार पुरते. अशा एका दुपारीत मुलं जे शिकतात, ते माझ्या कित्येक तासांच्या व्याख्यानांतून शिकत नाहीत.

परीक्षेतल्या उत्तरांबद्दलही एक सांगते. 'सुरक्षा परिषद आज निरुपयोगी आहे का?' असा प्रश्न आला, की निम्मे विद्यार्थी अपयशांची यादी देतात. चांगलं उत्तर परिस्थिती वेगळ्या करतं. १९५०मध्ये कोरियासाठी ठराव झाला, कारण सोव्हिएत संघ तेव्हा बहिष्कार टाकून बाहेर होता. नोव्हेंबर १९९०मध्ये इराकविरुद्ध बळाच्या वापराला मंजुरी मिळाली, कारण कुणीही नकाराधिकार वापरला नाही आणि चीन तटस्थ राहिला. २००३मध्ये अमेरिकेने मंजुरीविना युद्ध केलं. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने स्वतःवरचाच ठराव अडवला, पण मग कामकाजाच्या मतदानातून प्रकरण आमसभेकडे गेलं. तिथे पाठवण्यावर नकाराधिकार चालत नाही. इथे दिसतं की पाच कायम सदस्यांपैकी ज्याचं हित दुखावतं तो आड येत नाही, तेव्हा परिषद चालते. हे एक विधान आणि त्याला चार आधार. एवढ्यावर उत्तर उभं राहतं.

इंग्रजी वाचनाचा वेग हा तुझ्यासारख्या मुलांचा खरा त्रास आहे आणि तो लाजण्यासारखा नाही. मुंबई-दिल्लीच्या शाळांतून आलेली मुलं वर्गात आत्मविश्वासाने बोलतात, म्हणून त्यांनी सगळं वाचलंय असं समजू नकोस. माझी पद्धत सांगते. लेख हातात आला की आधी प्रस्तावनेचे शेवटचे दोन परिच्छेद आणि निष्कर्ष वाच. मग मराठीत चार ओळी लिही : लेखकाचं म्हणणं काय, तो कुणाच्या विरोधात बोलतोय, पुरावा कोणता, आणि मला काय पटलं नाही. मराठीतच लिही, कारण जे मराठीत सांगता येत नाही ते समजलेलं नाही. त्यानंतर मधला भाग वाच आणि शेवटी त्याच चार ओळी इंग्रजीत कर. सुरुवातीला एका लेखाला संध्याकाळ जाईल. दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत वेग येतो. आठवड्याला दिलेल्या वाचनातले दोन लेख असे वाचलेस आणि बाकीचे चाळलेस, तरी तू वर्गात मागे नसशील.

आता तुकडा निवडण्याबद्दल, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. मुलं अमेरिका, चीन आणि पाकिस्तान एवढेच देश निवडतात. तिन्ही महत्त्वाचे आहेत, पण तिथे गर्दी आहे. चीन घेणार असशील तर भाषेला अनेक वर्षं द्यायची तयारी हवी. अर्धवट चिनीचा उपयोग होत नाही. मी तुला बांगलादेशाचा विचार करायला सांगेन. घरच्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक आहे म्हणून एवढंच नाही. त्या एका देशात या विषयाच्या जवळजवळ सगळ्या शाखा भेटतात. जमिनीची सीमा घे : २०१५मध्ये भूसीमा करार अमलात आला आणि एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या १६२ वस्त्यांची अदलाबदल झाली, भारताच्या १११ तिकडे आणि त्यांच्या ५१ इकडे. त्यासाठी संसदेला घटनादुरुस्ती करावी लागली. समुद्र घे : जुलै २०१४मध्ये लवादाने बंगालच्या उपसागरातल्या वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला दिले आणि भारताने तो निवाडा मानला. मोठा देश विरोधातला निवाडा का मानतो, यावर सिद्धांताचा आख्खा पेपर लिहिता येईल. पाणी घे : गंगेच्या पाणीवाटपाचा १९९६चा करार तीस वर्षांचा आहे, म्हणजे त्याची मुदत २०२६ अखेर संपते, तिस्तेचा करार पश्चिम बंगालच्या विरोधामुळे २०११पासून अडला आहे, आणि तिथे परराष्ट्र धोरणात राज्य सरकारांचा हात किती हे दिसतं. शिवाय तयार कपड्यांचा उद्योग, स्थलांतर, रोहिंग्या निर्वासित, आणि ऑगस्ट २०२४मधलं सत्तांतर. भाषा बांगला. मराठी माणसाला ती लवकर येते. शब्दांचा मोठा भाग ओळखीचा असतो, लिपी शिकायला थोडे आठवडे पुरतात, आणि ढाक्याची वर्तमानपत्रं मुळातून वाचणारी मराठी मुलं फार थोडी आहेत.

हे एक उदाहरण आहे, आज्ञा नाही. जपान घेतलास तर पुण्यात जपानी शिकण्याची सोय उत्तम आहे आणि एन-५ (सगळ्यात सोपी) ते एन-१ (सगळ्यात अवघड) अशी पातळ्यांची परीक्षा आहे. मात्र एन-३च्या खाली नोकरीत फारसं कुणी विचारत नाही. रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या विभागात जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, जपानी शिकता येतं. जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी अलियान्स फ्रान्सेज आहे. गोव्यातल्या मुलांना मी पोर्तुगीज घ्यायला सांगते, कारण तिच्यासोबत ब्राझील, अंगोला, मोझांबिक हे सगळं येतं आणि पणजीच्या अभिलेखागारातली जुनी दप्तरंही उघडतात. कोणतीही घे, पण एकच घे. तीन भाषांच्या पहिल्या पातळीची प्रमाणपत्रं मिळून काहीच होत नाही. युरोपीय भाषेत ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या असतात; पदवीपर्यंत बी-१, जमल्यास बी-२ गाठायचं.

तिसरी गोष्ट कौशल्याची. आकडेवारी हाताळायला शीक. अनेक मुलं गणित सुटावं म्हणून या विषयाकडे येतात आणि नेमकं तिथेच मागे राहतात. व्यापाराच्या आकड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचं कॉमट्रेड, जागतिक बँकेची आकडेवारी, अपेडाचे (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) निर्यातीचे तक्ते, शस्त्रास्त्र व्यवहारांसाठी सिप्री या स्टॉकहोमच्या संशोधन संस्थेचं कोष्टक, हे सगळं खुलं आहे. आधी एक्सेल नीट, मग आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकभाषा. एखाद्या पिकाच्या निर्यातीचा दहा वर्षांचा आलेख काढून त्यात धोरणाच्या तारखा लावता आल्या, तरी उमेदवारांच्या रांगेत तू वेगळा दिसतोस. आकड्यांचा कंटाळा असेल तर आंतरराष्ट्रीय कायदा घे, पण एक काहीतरी घट्ट हवं.

म्हणजे इथपर्यंतचं माझं सांगणं एवढंच : सिद्धांत प्रकरणावर चालवून शिकायचे, बातमीऐवजी मूळ कागद वाचायचे, आणि दुसऱ्या वर्षी एक प्रदेश, एक भाषा, एक कौशल्य धरायचं. आता मामांचा मुद्दा.

यूपीएससीला कोणतीही पदवी चालते, आणि परराष्ट्र सेवेत जाण्याचा मुख्य रस्ता तीच परीक्षा आहे. मुख्य परीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात आंतरराष्ट्रीय संबंध असतात, आणि 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे, तेव्हा तुझी पदवी तिथे वाया जात नाही. मुख्य परीक्षा मराठीतही लिहिता येते. पण परराष्ट्र सेवेच्या जागा अलीकडच्या काही वर्षांत साधारण पंचवीस ते पंचावन्नच्या दरम्यान राहिल्या आहेत, सगळ्या देशासाठी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे त्या सेवेत गेले, जपानी शिकून टोकियोत काम केलं, पुढे न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल झाले. गावातून जाता येतं याबद्दल मला शंका नाही. मात्र चार वर्षांची पदवी म्हणजे परीक्षेची पूर्वतयारी असं समजून नोट्स पाठ केल्यास, तर पदवी हातची जाते आणि परीक्षेची खात्री नसतेच. मामांना सांग, वयाची अट सर्वसाधारण गटाला ३२ आहे. पदवी नीट करून लागलं तरी वेळ आहे.

बाकीचे रस्ते घरच्यांना फार दिसत नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. निर्यातदार कंपन्या आणि जहाज-वाहतुकीच्या कंपन्यांना परदेशी नियम वाचणारी माणसं लागतात. २०१०मध्ये एका रसायनाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षं नाकारली; २०१४मध्ये फळमाशीमुळे आंबा थांबवला, तो पुढच्या वर्षी सुरू झाला; २०२४च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले आणि भाडं वाढलं. अशा वेळी पुढे काय होईल हे सांगू शकणाऱ्या माणसाला किंमत असते. मुंबईत अनेक देशांच्या वकिलाती आहेत आणि त्या स्थानिक माणसं घेतात. मुंबईत गेटवे हाऊस, दिल्लीत मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था किंवा सप्रू हाऊसमधली विश्व व्यवहार परिषद अशा संशोधन संस्था आहेत. तिथे इंटर्नशिप मिळते, पण कायमच्या कामासाठी बहुधा एमए किंवा पुढचं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या व्यावसायिक पदांनाही बहुतेकदा पदव्युत्तर पदवी आणि अनुभव लागतो, तेव्हा 'यूएनमध्ये जाणार' हे घरी आत्ता सांगू नकोस.

इंटर्नशिप करताना मोठ्या नावापेक्षा लिहायला देणारी जागा निवड. एखाद्या निर्यातदार संघटनेत सुट्टीत बसून प्रत्यक्ष पत्रव्यवहार बघितलास, तर प्रबंधाचा विषय तिथेच मिळेल. रत्नागिरीतून आखातात गेलेले कामगार, मॉरिशसमधले मराठी लोक, कोकणातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायल ज्यू, न्हावा शेवा बंदर, हे असे विषय आहेत जिथे दिल्लीच्या मुलापेक्षा तुझ्याकडे जास्त आहे, कारण लोक तुझ्याशी त्यांच्या भाषेत बोलतील.

शेवटी पैशाचं आणि चौथ्या वर्षाचं. नव्या रचनेत तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स करता येते, ज्यात प्रबंध असतो. चार वर्षांनंतर एमए एका वर्षात करण्याची सोय धोरणात आहे. तुझी फी जड असेल आणि पुढे जेएनयू, जादवपूर, मुंबई किंवा पुणे विद्यापीठात कमी खर्चात एमए करायचं असेल, तर तीन वर्षांवर थांबून तो पैसा वाचवणं शहाणपणाचं ठरेल. जेएनयूच्या एमएला सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा आहे, तिची तयारी तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपासून कर. परदेशात जायचं असेल तर चौथं वर्ष उपयोगी पडतं, विशेषतः अमेरिकेसाठी. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, पण राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. युरोपातल्या इरास्मुस मुंडुस अभ्यासक्रमांना शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनच्या चेव्हनिंगसाठी आधी दोन वर्षं नोकरी लागते, म्हणून पदवीनंतर लगेच तिच्या भरवशावर राहू नकोस. आणि बीएसाठी जमीन गहाण ठेवून कर्ज काढू नका, हे मी प्रत्येक पालकांना सांगते; मोठं कर्ज काढायचंच असेल तर ते एमएसाठी राखा, तोवर तुला काय हवंय हे पक्कं झालेलं असेल.

या सुट्टीत घरी गेलास की कांद्याच्या त्या सहा तारखा घे, प्रत्येक तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्याचा लासलगावचा सरासरी भाव बाजार समितीच्या नोंदीतून काढ, आणि त्यावर चार पानं लिही, दोन मराठीत, दोन इंग्रजीत. लिहिताना कंटाळा आला नाही तर पदवी चालू ठेव. तिसऱ्या सत्राचे वैकल्पिक विषय निवडायच्या आधी ती पानं तुझ्या शिक्षकांना दाखव आणि प्रदेश कोणता घ्यायचा ते त्यांच्याशी बोलून ठरव.